शाळेच्या लॅबमध्ये अडकलेला गेमचा सेव्ह: कुठली वाट धरायची?

मे महिन्यात मुंबईतल्या शाळा रिकाम्या होतात आणि लॅबची कामं निघतात. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे ही कामं जरा वाढलीच आहेत. लॅबभर कॉम्प्युटर एकेक करून अपग्रेड करत कुणी बसत नाही. एक मशीन नीट तयार करायचं, त्याची इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल, घ्यायची आणि बाकीच्यांवर चढवायची. इमेज चढली की आधीचं सगळं गेलं. मी शाळांच्या लॅबची एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं काम, बघतो. एप्रिल उजाडला की ठरलेला प्रश्न येतो: "दादा, माझं वर्ल्ड त्या मशीनवर आहे, घरी नेता येईल का?" वर्ल्ड म्हणजे माइनक्राफ्ट या गेममध्ये त्यानं बांधलेली दुनिया. विचारणारा बहुतेक वेळा दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला असतो, कधी सहावी-सातवीतल्या मुलीचे बाबा असतात.

माझं मत आधीच सांगतो. गेममध्ये एक्स्पोर्टचं बटण असेल तर तेच दाबा. नसेल तर लॅबच्या सरांना किंवा मिसना विचारा. यूट्यूबवर दाखवतात त्या बाकीच्या वाटा दिसायला भारी असतात, हाती फार कमी लागतं. पण कुठली वाट कुणाला चालेल हे गेम कुठला आणि लॅब किती बंदिस्त यावर ठरतं.

आधी बघा, फाइल शिल्लक आहे का

बऱ्याच लॅबमध्ये डीप फ्रीझसारखं सॉफ्टवेअर टाकलेलं असतं. खाली उजवीकडे घड्याळाजवळ पांढऱ्या अस्वलाचं छोटं चित्र दिसलं तर समजून जा. हे सॉफ्टवेअर चालू असेल तर मशीन रीस्टार्ट झालं की सगळं मूळपदावर येतं. दिवसभरात जे सेव्ह केलं ते उरत नाही, मुद्दाम मोकळा ठेवलेला एखादा ड्राइव्ह असेल तर तेवढा सोडून. काही शाळांत अस्वल नसतं, पण विद्यार्थ्यांच्या लॉगिनचं प्रोफाइलच असं बांधलेलं असतं की लॉग ऑफ करताच त्यातले बदल फेकले जातात. परिणाम तोच.

चाचणी सोपी आहे. मागच्या आठवड्याच्या पिरियडला जिथवर पोचला होतात, ते आज त्याच मशीनवर दिसतंय का? दिसत असेल तर फाइल कुठेतरी नक्की आहे आणि पुढचं वाचण्यात अर्थ आहे. दिसत नसेल, तर सेव्ह त्याच पिरियडमध्ये, बेल वाजायच्या आत बाहेर काढणं एवढंच हातात उरतं. क्रोमच्या गेस्ट किंवा इनकॉग्निटो विंडोत खेळत असाल तर तेही विंडो बंद करायच्या आधीच. विंडो बंद, खेळ खलास.

आणखी एक. लॅबमध्ये सगळ्यांचं मिळून एकच 'स्टुडंट' लॉगिन असेल तर तुमच्या सेव्हवर पुढच्या तुकडीतलं कुणीही बसू शकतं. अशा ठिकाणी मे महिन्याची वाट बघू नका.

गेमचं स्वतःचं बटण की फोल्डर उचलणं?

शाळेत रीतसर असणारा गेम म्हणजे बहुधा माइनक्राफ्ट एज्युकेशन, माइनक्राफ्टची शाळांसाठीची आवृत्ती. त्यात आपली वर्ल्ड्स जिथे दिसतात तिथे एक वर्ल्ड निवडलं की एक्स्पोर्टचा पर्याय मिळतो. तो दाबला की अख्खं वर्ल्ड एका फाइलमध्ये येतं. फाइलच्या नावाच्या शेवटी डॉट एमसीवर्ल्ड असतं. खरं तर ती साधी झिप फाइल आहे, फक्त आडनाव वेगळं. डॉक्युमेंट्स किंवा डेस्कटॉपवर सेव्ह करू देत असतील तर एवढ्यानंच काम होतं. सी ड्राइव्ह उघडायची गरजच पडत नाही, त्यामुळे तो लपवलेला असला तरी बिघडत नाही.

दुसरी वाट म्हणजे वर्ल्डचं फोल्डर थेट कॉपी करणं. हे फोल्डर ॲपडेटा नावाच्या विंडोजच्या लपवलेल्या फोल्डरच्या पोटात खोलवर असतं, आणि शाळेच्या लॅबमध्ये ॲपडेटा सहसा दिसतच नाही. दिसलं तरी आत गेल्यावर गोंधळ होतो. वर्ल्डला तुम्ही 'रायगड' नाव दिलेलं असतं, पण फोल्डरचं नाव मात्र काहीतरी अगम्य. कुठलं फोल्डर आपलं हे कळायला प्रत्येकात डोकावून 'लेव्हलनेम' नावाची टेक्स्ट फाइल उघडावी लागते, वर्ल्डचं खरं नाव तिच्यात असतं. शिवाय गेम चालू असताना आतलं डेटाबेसचं फोल्डर कॉपी केलंत तर अर्धवट फाइली येण्याची शक्यता असते आणि ते घरी गेल्यावरच कळतं. म्हणून फोल्डरची वाट फक्त तेव्हाच, जेव्हा गेम उघडतच नाही किंवा लॉगिन बंद झालंय, आणि तीही सरांच्या हातून.

इथे घरी काय आहे हेही बघून ठेवा. एज्युकेशनचं वर्ल्ड मोबाइलवरच्या किंवा विंडोजवरच्या नेहमीच्या बेडरॉक माइनक्राफ्टमध्ये उघडता येतं, शाळेच्या आवृत्तीतल्या काही खास गोष्टी मात्र नीट चालतीलच असं नाही. घरी माइनक्राफ्टची जावा ही दुसरी आवृत्ती असेल तर थेट उघडणार नाही, दोघांची साठवायची पद्धतच वेगळी आहे. आणि नव्या व्हर्जनमधलं वर्ल्ड जुन्या व्हर्जनमध्ये जात नाही, तेव्हा घरचा गेम आधी अपडेट करा.

स्क्रॅचवर, म्हणजे मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, गेम बनवला असेल तर फार विचार नको. फाइल मेनूत जाऊन 'सेव्ह टू युवर कॉम्प्युटर', झालं. डॉट एसबी३ फाइल मिळते आणि ती घरी ब्राउझरमध्येही उघडते. लॅबमध्ये अजून जुनं स्क्रॅच २ असेल तर फाइल डॉट एसबी२ येईल. तीही नव्या स्क्रॅचमध्ये चालते, उलटं मात्र चालत नाही.

ब्राउझरवरच्या गेमची गोष्ट निराळी आणि जरा क्रूर. त्यांचा सेव्ह बहुतेक वेळा ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये असतो. ते त्या मशीनला, त्या क्रोम प्रोफाइलला आणि त्याच वेबसाइटच्या पत्त्याला बांधलेलं असतं. घरी तोच जीमेल टाकून क्रोममध्ये साइन इन केलं की बुकमार्क येतात, पासवर्ड येतात, गेमचा सेव्ह येत नाही. हे बऱ्याच मुलांना पटत नाही, पण क्रोमचं सिंक ते नेतच नाही. मग बघायचं एवढंच की गेमनं स्वतः निर्यातीची सोय दिलीय का. कुकी क्लिकरमध्ये आहे: ऑप्शन्समध्ये 'एक्स्पोर्ट सेव्ह' दाबलं की लांबलचक अक्षरांची माळ मिळते, ती कॉपी करून स्वतःला मेल करायची आणि घरी इम्पोर्टमध्ये चिकटवायची. माळेचं शेवटचं अक्षर सुटलं तरी फसगत होते, तेव्हा सगळं सिलेक्ट करूनच कॉपी करा. अशी सोय नसलेल्या गेमचा सेव्ह, खरं सांगू का, सोडून द्या.

राहता राहिला जीटीए व्हाइस सिटी, मारामारीचा गेम. कुणीतरी पेन ड्राइव्हवरून आणून टाकलेला असतो. सेव्ह डॉक्युमेंट्समध्ये गेमच्या नावाच्या फोल्डरात असतो, आठ स्लॉटच्या आठ फाइली, केबींमध्ये मावणाऱ्या. तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात सोपं काम हेच. पण "सर, व्हाइस सिटीचा सेव्ह हवाय" हे वाक्य कुठल्या सरांसमोर कसं बोलायचं हे तुमचं तुम्ही ठरवा.

सरांना विचारणं की स्वतः खटपट?

मुलांना यात कमीपणा वाटतो. मला उलट वाटतं. ॲडमिन लॉगिन असलेल्या माणसाला विद्यार्थ्याच्या प्रोफाइलमध्ये जाऊन फोल्डर उचलायला पाच मिनिटंही लागत नाहीत. जे काम तुम्हाला चार पिरियड लपूनछपून करूनही जमत नाही, ते तो चहा पिता पिता करतो. काही गोष्टी तर त्याच्याशिवाय होतच नाहीत. युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर बनलेले अनेक छोटे गेम प्रगती फाइलमध्ये ठेवतच नाहीत, विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या नोंदवहीत, ठेवतात. फोल्डर कितीही कॉपी करा, सेव्ह त्यात नसतोच. ॲडमिन ती नोंद एक्स्पोर्ट करून देऊ शकतो.

दुसरा फायदा खात्यांचा. शाळेनं मायक्रोसॉफ्टचं किंवा गूगलचं अकाउंट दिलं असेल तर फाइल कदाचित मशीनवर नाहीच, वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हवर आहे. दाखला घेऊन बाहेर पडलात की ही अकाउंटं केव्हातरी उडवली जातात. उडवलेलं मायक्रोसॉफ्टचं खातं ॲडमिनला ३० दिवसांपर्यंत परत आणता येतं, गूगलचं २० दिवसांपर्यंत. म्हणजे जूनमध्ये नवं कॉलेज शोधण्याच्या धावपळीत आठवलं तरी वेळ गेलेली असू शकते. गूगलच्या शाळेच्या खात्यात, शाळेनं बंद केलं नसेल तर, मेल आणि ड्राइव्हवरच्या फाइली स्वतःच्या जीमेल खात्यात कॉपी करायची सोय असते. ती खातं चालू असतानाच वापरायची.

तोटा एकच. सर 'नाही' म्हणू शकतात. तास चालू असताना, तीस मुलं हात वर करून बसलेली असताना विचारलंत तर म्हणतीलच. मधल्या सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर जा. मोठ्या शाळेत अर्ज आणायला सांगतात; आई किंवा बाबांच्या सहीचा चार ओळींचा अर्ज पुरतो.

फाइल हातात आली, आता न्यायची कशी

पेन ड्राइव्ह सगळ्यांना आधी सुचतो आणि लॅबमध्ये सगळ्यात आधी बंद असतो. त्याला कारण आहे. फोल्डरांचे शॉर्टकट करून टाकणारा व्हायरस मुंबईतल्या लॅब, झेरॉक्सची दुकानं आणि सायबर कॅफे यांच्यात वर्षानुवर्षं पेन ड्राइव्हवरूनच फिरला. पोर्ट चालू असतील तरी घरी लावल्यावर आधी स्कॅन करा. मेल बरा, पण जीमेलला २५ एमबीची मर्यादा आहे. स्क्रॅचची फाइल सहज जाते, वर्षभर बांधलेलं माइनक्राफ्टचं वर्ल्ड जाईलच असं नाही. मोठ्या फाइलला ड्राइव्ह.

रिकव्हरी सॉफ्टवेअर आणि बूट होणारा पेन ड्राइव्ह

डिलीट झालेली फाइल रेकुव्हा किंवा फोटोरेकनं परत येते, हे ऐकून अनेक जण येतात. येते, कधीकधी. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर, त्या जागी दुसरं काही लिहिलं गेलं नसेल तर. नव्या मशीनमध्ये एसएसडी असते, आणि डिलीट झालेल्या जागा ट्रिम नावाच्या सोयीमुळे ती स्वतःच साफ करते. तिथे आशा जवळजवळ नाही. फोटोरेक फाइलच्या सुरुवातीच्या खुणेवरून ओळख पटवतो, त्यामुळे झिपच्या जातीची एमसीवर्ल्ड फाइल एखादवेळेस झिप म्हणून सापडेल, पण एखाद्या गेमची स्वतःची वेगळीच धाटणी असेल तर ती त्याला ओळखूच येणार नाही. नावं जातात ती वेगळीच. आणि हे सगळं चालवायला ॲडमिनचे अधिकार लागतात, म्हणजे फिरून सरांकडेच. लॅमिंग्टन रोडवर डेटा रिकव्हरी करणारी दुकानं आहेत, पण शाळेची डिस्क काढून तिथे नेणार कोण?

मग कुणीतरी लिनक्सचा पेन ड्राइव्ह लावून मशीन बूट करायचं सुचवतं. बायोसला, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंग्जना, पासवर्ड असेल तर तिथेच अडतं. तो ओलांडला तरी डिस्कवर बिटलॉकर हे विंडोजचं कुलूप असेल तर समोर नुसता कचरा दिसतो. आणि जमलं समजा, तरी मशीन शाळेचं आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटरमध्ये शिरणं आणि त्यातला डेटा कॉपी करणं, दोन्ही येतं. ते अप्रामाणिक हेतूनं केलं असं ठरलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. एका वर्ल्डसाठी शाळा पोलिसांत जाणार नाही, हे मलाही कळतं. पण दाखला अजून ऑफिसात असताना मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर पालकांना उभं करणं कुणाला परवडतं? माझ्या यादीत ही वाट सगळ्यात खाली आहे, आणि ती कायद्यापेक्षा हाती काही लागत नाही म्हणून.

सोडून द्यायचं केव्हा?

ब्राउझरचा गेम आणि एक्स्पोर्ट नाही, तर सोडा. मशीनवर इमेज चढून गेली असेल तर सोडा. अस्वलाचं मशीन मधे रीस्टार्ट झालं असेल तर सोडा. शर्यतीचा किंवा नेमबाजीचा गेम असेल तर घरी दोन रविवारांत तिथवर परत पोचाल. स्वतः बांधलेलं वर्ल्ड किंवा स्क्रॅचवर बनवलेला गेम मात्र सोडू नका. ते पुन्हा तसंच होत नाही, आणि नेमक्या त्याच दोन गोष्टींना सरळ एक्स्पोर्ट आहे.

सरांकडे जाताना एक चिठ्ठी लिहून न्या: मशीनवर चिकटवलेला नंबर, तुमचं लॉगिन, गेमचं नाव, आणि सेव्हला किंवा वर्ल्डला तुम्ही दिलेलं नाव. लॅब असिस्टंट रोज बदलत असतील तर खाली वर्ग, तुकडी आणि घरचा मोबाइल नंबरही टाका. फाइल मिळाली की घरी एकदा उघडून बघा, आत फिरून बघा, आणि मगच सरांना सांगा की मशीन पुसलं तरी चालेल.