राजारामपुरीतून भाड्यानं आणलेलं ऑक्सिजन मशीन

आमच्या आण्णांची उमर शिरोलीच्या फाउंड्रीत गेली. वाळू, धूर आणि जोडीला बिडी. आधी सीओपीडी निघाला, म्हणजे श्वासनळ्या आणि फुफ्फुसं कायमची खराब होऊन दम लागणारा आजार, मग फुफ्फुसाचा कॅन्सर. आता दवाखाना नको, घरीच ठेवा, असं त्यांनीच सांगितलं, तेव्हा राजारामपुरीतल्या एका दुकानातून मिनिटाला पाच लिटरपर्यंत देणारं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं विजेवरचं मशीन, भाड्यानं आणलं. महिना साडेचार हजार भाडं, दहा हजार डिपॉझिट. कोल्हापुरात अजून कुणाला लागेल म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

दुकानाची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे फोनवर त्यांनी पैशाआधी विचारलं, "पेशंटचं ऑक्सिजन किती आहे? डॉक्टरांची चिठ्ठी आहे का?" आण्णांचं बोटाच्या ऑक्सिमीटरवर बसल्या जागी ८५-८६ टक्के यायचं, बाथरूमपर्यंत जाऊन आले की आणखी खाली. चिठ्ठीवर मिनिटाला दोन लिटर लिहिलं होतं आणि खाली ८८ ते ९२, म्हणजे आकडा तेवढ्यातच ठेवायचा. सीओपीडीच्या पेशंटला त्याच्या वर ओढायचं नसतं, अंगात कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येऊ शकते. मशीन बसवायला आलेल्या पोरानं ते वाचलं आणि माझ्या भावाला बजावलं, "दादा, धाप लागली म्हणून हे बटण फिरवत बसू नका. आधी डॉक्टरांना फोन." ऑक्सिजन किती जातोय ते दाखवणाऱ्या फ्लोमीटरमधली गोळी दोनच्या रेघेवर मधोमध कशी बघायची तेही दाखवलं. मग स्वतःजवळचा मीटर लावून ऑक्सिजनची शुद्धता मोजली, ९४ टक्के आली. भाड्याचं मशीन घेताना हे मोजून मागाच. आतला झिओलाइट, म्हणजे हवेतला नायट्रोजन धरून ठेवणारे दाणे, जुना झाला की मशीन नुसतं घरघरतं, ऑक्सिजन कमी देतं, आणि बाहेरून काही कळत नाही.

आता त्रासाचं. मशीन चोवीस तास चालतं आणि साधारण साडेतीनशे वॅट खातं, म्हणजे दिवसाला आठ-साडेआठ युनिट. महिन्याला अडीचशे युनिट वाढले, वरचा स्लॅब लागला. खोली तापते, मे महिन्यात तर फारच. भिंतीपासून फूटभर लांब ठेवावं लागतं. आवाज असतो, पण रात्री सवय होते. ऑक्सिजन ओलसर करायची बाटली असते, तिच्यात डिस्टिल्ड वॉटरच घालायचं, रोज बदलायचं. मागचा स्पंज फिल्टर आठवड्याला धुऊन, पूर्ण वाळवून लावायचा. नाकात लावायच्या नळीमुळे कानामागं सोलवटतं, तिथं कापूस गुंडाळा. नाक कोरडं पडलं म्हणून व्हॅसलीन लावू नका, ऑक्सिजनपाशी तेलकट काही नको. मेडिकलमध्ये पाण्याचं जेल मिळतं. आमच्याकडं देवघर त्याच खोलीत होतं, ते आईनं स्वयंपाकघरात हलवलं. निरांजन, उदबत्ती, बिडी, काहीच आण्णांच्या खोलीत नाही.

लाइट गेली की मशीन ओरडतं आणि बंद पडतं. साध्या इन्व्हर्टरच्या भरवशावर राहू नका. दुकानानं जोडीला ऑक्सिजनचा बी टाइप सिलिंडर दिला होता, दीड घनमीटरचा. मिनिटाला दोन लिटरनं तो बारा तास पुरतो.

पण खरं सांगायचं ते वेगळंच आहे. आकडा ८५ वरून ९१ वर आला, ओठांचा निळेपणा गेला, आण्णा दोन घास जास्त जेवायला लागले. तरी धाप पूर्ण गेली नाही. आम्ही घाबरलो. घरी येणाऱ्या पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या सेवेच्या, सिस्टरनी समजावलं की ऑक्सिजन कमी असणं आणि दम लागणं या दोन गोष्टी नेहमी बरोबर चालत नाहीत. त्यांनी आण्णांना उशा रचून पुढं टेकून बसवलं आणि हातात मावणारा छोटा चार्जिंगचा पंखा वीतभर अंतरावरून गालावर, नाकावर धरला. चेहऱ्यावर गार वारं लागलं की तिथल्या नसांतून मेंदूला निरोप जातो आणि गुदमरणं कमी वाटतं. आण्णा म्हणाले, "ह्ये धर गं असंच. नळीपरास ह्येचं बरं वाटतंय."

त्यानंतर डॉक्टरांनी मॉर्फिनचा अगदी थोडा डोस सुरू केला, पोट साफ राहायचं औषध त्याच्यासोबतच. आत्ती रडायला लागली, "मॉर्फिन म्हंजे शेवटच की." तसं नसतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली बेतानं दिलं तर त्यानं माणूस लवकर जात नाही, धापेची धास्ती उतरते. मात्र ते कुठल्याही मेडिकलमध्ये मिळत नाही. २०१४ मध्ये कायदा बदलून मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणं सोपं झालं, म्हणून चौकशी पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांकडंच करा.

आमचं मशीन बघून शेजारच्या काकूंनाही त्यांच्या सासऱ्यांसाठी तसंच आणायचं होतं. त्यांना कॅन्सर आहे, दम लागतो, पण ऑक्सिजन ९५. आमच्या डॉक्टरांनी त्यांना थांबवलं. २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता: ऑक्सिजन फारसा कमी नसलेल्या, पण दम लागणाऱ्या २३९ पेशंटना सात दिवस नळीतून कुणाला ऑक्सिजन दिला, कुणाला साधी हवा. आराम दोन्हीकडं सारखाच पडला. काकूंनी पंखा घेतला, खाट खिडकीपाशी ओढली, धापेसाठी डॉक्टरांकडून औषध सुरू करून घेतलं. भाडं आणि लाइटबिल वाचलं, आणि आजोबांना दिवसभर नळीला बांधून पडावं लागलं नाही. दुकानदारानंही त्यांना मशीन घ्याच म्हणून गळ घातली नाही, याचं मला फार कौतुक आहे.

शेवटी शेवटी आण्णा नळी सारखी काढून टाकायचे. भाऊ परत लावायचा, ते परत काढायचे. सिस्टर म्हणाल्या, त्यांना त्रास दिसत नसेल तर आता आकडा बघू नका, नळी राहू दे बाजूला. आम्ही बोटाचा ऑक्सिमीटर कपाटात ठेवला. पंखा मात्र आई धरून बसायची.

दुकानाला पाचपैकी चार. एक तारा दोन गोष्टींसाठी कापला. रात्रीचा म्हणून दिलेला नंबर एकदा गरजेला उचललाच नाही, आणि पहिल्या दिवशी पाठवलेली कॅन्युला, म्हणजे ती नाकातली नळी, पिवळट, वापरलेली वाटली. ती बदलून दिली, पण पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा. मशीन परत नेताना डिपॉझिट त्याच दिवशी पूर्ण मिळालं, आणि चालू महिन्याचं उरलेल्या दिवसांचं भाडंही त्यांनी न मागता परत केलं.