जुन्या थ्री-वे स्पीकरला नवे ट्वीटर

डावा ट्वीटर (उंच स्वरांचा छोटा ड्रायव्हर) दबलेला वाटायचा. उघडला, तर व्हॉइस कॉइलभोवतीचं (डोम हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याभोवतीचं) फेरोफ्लुइड, म्हणजे चुंबकीय द्रव, गोंदासारखं घट्ट झालेलं. मूळ ड्रायव्हर आता बनत नाहीत, म्हणून दुसऱ्या बनावटीचे 28 मिमी सिल्क डोम (रेशमी घुमटाचे ट्वीटर) घेतले. जोडीच घ्यावी, एकच बदलला तर दोन्ही बाजू जुळत नाहीत. खाचेत चपखल बसले, पण सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच पॉवरला निघणारा आवाज) मूळपेक्षा 3 डेसिबलने जास्त, त्यामुळे सिंबल (झांजा) अंगावर यायचे. क्रॉसओव्हरनंतर (उंच-खालचे स्वर ड्रायव्हरांत वाटणाऱ्या सर्किटनंतर) एल-पॅडचे, म्हणजे ट्वीटरचा आवाज उतरवणारे, दोन रेझिस्टर टाकले आणि व्हायोलिनवर गज घासल्याची बारीक खरखरही सुटी ऐकू आली. वा! सोबतच्या कागदावर रेझोनन्स फ्रीक्वेन्सी (ज्या स्वराला ट्वीटर आपोआप जास्त थरथरतो) मात्र दिलेली नाही, हा निव्वळ आळशीपणा. ट्वीटर जिथून सुरू होतो तो क्रॉसओव्हरचा बिंदू खाली, 2 किलोहर्ट्झच्या आसपास असेल, तर रेझोनन्स आधी मोजून घ्या. वूफर (खालच्या स्वरांचे ड्रायव्हर) तेच ठेवलेत, फक्त कडेचं कुजलेलं फोम सराउंड बदलायचंय.