बारा फिंच, एक पिंजरा आणि माझे २१,८५० रुपये

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना हसायचं आहे त्यांचं हसून होईल. ॲडव्हान्स ३,०००. पक्षी हातात आल्यावर ११,५००. घरपोच आणल्याचे ६५०. नवा पिंजरा ४,८००. नंतर पक्ष्यांच्या डॉक्टरांचे १,९००. एकूण २१,८५०. आणि मी सव्वीस वर्षं हिशेबतपासणीत काढली आहेत. दुसऱ्यांच्या व्हाउचरवरची खाडाखोड मला लांबून दिसायची.

घरी चार वर्षं झेब्रा फिंच या चिमुकल्या, दाणे खाणाऱ्या पक्ष्यांची एक जोडी होती. दाणे टाका, पाणी बदला, समुद्रफेसाचा तुकडा अडकवा, काही कटकट नाही. नातवाला मात्र रंगीत पक्षी हवे होते, आणि खरं सांगायचं तर मलाही. ओळखीच्या ओळखीतून एका विक्रेत्याचा नंबर मिळाला. त्याच्या स्टेटसला व्हिडिओ होता: एकाच पिंजऱ्यात पाच-सहा जातींचे फिंच, सगळे एका काठीवर गुण्यागोविंदाने. "काका, फिंच म्हणजे फिंच. लव्हबर्डसारखी मारामारी नाही यांच्यात."

तो व्हिडिओ मी किमान दहा वेळा पाहिला. पिंजऱ्यात घरट्यासाठी टांगतात ते मडकं एकही नव्हतं, घरट्याची काडी नव्हती, आणि अकरा सेकंदांत एकाही पक्ष्याने तोंड उघडलं नाही. झेब्रा नर अकरा सेकंद गप्प! ज्याच्या घरी झेब्रा आहे त्याला यातच कळायला हवं होतं की हे पक्षी गुण्यागोविंदाने बसलेले नाहीत, नुकतेच पकडून आत टाकल्यामुळे भेदरलेले आहेत. मडकं दिसलं की भांडण, हे लक्षात ठेवा. शांत पिंजऱ्याचा व्हिडिओ कोणी दाखवला तर मडकी टांगलेल्या पिंजऱ्याचा मागा.

सौदा असा ठरला: गोल्डियनची एक जोडी, जावाची एक, बेंगॉलीजची एक (या फिंचच्याच जाती), आणि 'इम्पोर्टेड रेनबो फिंच'च्या दोन जोड्या. दहा पक्षी, १४,५००. माझे दोन धरून बारा. पिंजरा तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. "भरपूर झाला, काका."

तो आला संध्याकाळी सातला. मी दुपारी बोलावलं होतं, पण म्हणाला, अंधार पडला की पक्षी शांत असतात, हाताळायला बरं. हे खोटं नाही, म्हणून तर पटलं. फसवणारा माणूस दहातली आठ वाक्यं खरीच बोलतो.

आता तो क्षण. आजही आठवला की कान गरम होतात. पुठ्ठ्याच्या खोक्यातून रेनबोची पहिली मादी काढून त्याने पिंजऱ्यात सोडली आणि अंगठा पँटला पुसला. अंगठा हिरवा होता. मी पाहिला. नुसता पाहिला नाही, विचारलं, "रंग कसला लागला?" तो जराही न अडखळता म्हणाला, "व्हिटॅमिनची पावडर आहे, काका, प्रवासात मारतो." आणि मी मान डोलावली. वर हात धुवायला साबण दिला! त्याने हात आमच्या बेसिनला धुतले, आमच्या टॉवेलला पुसले, ११,५०० यूपीआयने घेतले (तेही 'भावाच्या' नंबरवर) आणि चहा पिऊन गेला. बिल मागितलं तर म्हणाला, पक्ष्यांचं कोण बिल देतं?

तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या झेब्रा नराच्या मानेवरची पिसं गायब. जावाच्या नराने कोपऱ्यातलं मडकं बळकावलं होतं आणि जवळ येईल त्याला तो जाड चोचीने हाणत होता. जावा झेब्राच्या जवळजवळ दीडपट लांब. चोच तर विचारूच नका. झेब्राही काही संत नाही, दुसऱ्याच्या घरट्यात घुसून काड्या पळवणं हा त्याचा धंदाच. या दोघांच्या मधे सापडले गोल्डियन. मुळात बुजरे, भांडायचं सोडून मागे सरणारे, आणि थंडी सोसत नाही. दाण्याच्या वाटीजवळ त्यांना कोणी येऊच देईना. बेंगॉलीज तेवढे खरे गरीब. ते आणि रेनबो मात्र पहिल्या रात्रीपासून एकमेकांना चिकटून बसले. मला कौतुक वाटलं. बेंगॉलीज हे मुनियाच्याच वंशातले, माणसाने पाळून तयार केलेले. त्यांनी आपलं नातं ओळखलं होतं. ओळखलं नव्हतं ते मी.

पाचव्या दिवशी आंघोळीची थाळी ठेवली. फिंचना पाण्यात खेळायला फार आवडतं. अर्ध्या तासाने नातू ओरडत आला, "आजोबा, पक्ष्यांच्या पाण्यात सरबत कोणी टाकलं?" थाळीतलं पाणी पोपटी, कडेला गुलाबी. काठीवर बसलेला ओला 'रेनबो' पंख झटकत होता आणि त्याच्या छातीवर, उरलेल्या रंगाखालून, तपकिरी खवले दिसत होते. ठिपकेवाली मुनिया. आपल्या शेताच्या बांधावर थव्याने उतरते ती. जाळ्यात पकडून, रंगवून, मला इम्पोर्टेड म्हणून विकलेली. जोडीला ३,०००.

नवव्या दिवशी गोल्डियनचा नर गेला. आदल्या रात्री पिंजऱ्यावर कापड टाकताना टिक टिक असा बारीक आवाज येत होता, मला वाटलं घड्याळ. श्वासनलिकेतले माइट्स, म्हणजे बारीक किडे, डॉक्टरांनी सांगितलं. शेपटी वरखाली हलत होती, चोच उघडी होती, हेही मी पाहिलं होतं. नवे पक्षी ३० दिवस वेगळ्या पिंजऱ्यात, वेगळ्या खोलीत ठेवायचे असतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. दुसरा पिंजरा कुठून आणू, म्हणून एकत्र सोडले. मादी औषधाने वाचली.

मग सुरू झाली वरात. पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं, शेजारच्याला बोलावून पुन्हा सांगायला लावलं, दोघं हसले. "रंग गेला म्हणून तक्रार? आजोबा, लाँड्रीत जा." नंतर म्हणाले, मुनिया म्हणजे वन्यजीव, वनखात्यात जा. तिथे गेलो. टेबलामागच्या गृहस्थांनी पहिला प्रश्न विचारला, "मुनिया सध्या कोणाच्या ताब्यात आहे?" माझ्या. "मग गुन्हा तुमच्यावर होतो." १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा मी वाचून गेलो होतो. आपल्याकडची मुनिया पकडणं, विकणं, बाळगणं तिन्ही बेकायदा, हे मला मान्य. पण मी स्वतः होऊन सांगायला आलोय ना? विकणाऱ्याचा नंबर, पैसे पाठवल्याचा पुरावा, व्हिडिओ, सगळं फायलीत लावून आणलंय ना? फाईल उघडलीसुद्धा नाही. संबंधित साहेब साइटवर आहेत, गुरुवारी या. गुरुवारी साहेब बैठकीला. पुढच्या गुरुवारी अर्ज दोन प्रतींत हवा होता. बँकेत गेलो तर तिथली मुलगी म्हणाली, पैसे तुम्हीच पिन टाकून पाठवलेत, यात फसवणूक कुठे? सायबर फसवणुकीसाठी १९३० वर ताबडतोब फोन करायचा असतो. मी बारा दिवस लाजेखातर गप्प बसलो होतो. तुम्ही बसू नका, त्याच तासाला करा.

तिसऱ्या खेपेला वनखात्यात विचारलं, मग या चार मुनियांचं मी करू काय? उत्तर शब्दशः असं: "सोडू नका, रंगवलेल्या आहेत, बाहेर टिकणार नाहीत. आणि पाळूही नका, बेकायदा आहे." मी म्हटलं, मग धरून उभा राहू का? त्यावर ते चिडले.

एकत्र पिंजरा करूच नये असं मी म्हणत नाही. बेंगॉलीज आणि गोल्डियन मोठ्या, लांब पिंजऱ्यात नांदतात. जोड्यांपेक्षा मडकी जास्त हवीत, आणि दाण्या-पाण्याची भांडी दोन टोकांना. जावाला आणि कट थ्रोट जातीच्या फिंचला त्यात घालू नका. मुळात जावा साइटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीतला पक्षी, त्याची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. कागद मागितला की विक्रेता कसा विषय बदलतो ते बघा. पायात बंद कडी आहे का पाहा. ती पिल्लू काही दिवसांचं असतानाच चढते, मोठ्या पक्ष्याला घालता येत नाही. पक्षी दिवसाउजेडी, खिडकीशी पाहा. ओल्या पांढऱ्या रुमालात पक्षी धरून पाहा. विक्रेत्याला राग आला तर येऊ दे.

जावाची जोडी वेगळी केली आहे. माझ्या झेब्राच्या मानेवर नवी पिसं फुटताहेत. मुनियांची पिसं गळायला लागली आहेत. ट्रेमध्ये रोज दोन-चार सापडतात, टोकाला पोपटी, मुळाशी तपकिरी. मी ती पाकिटात घालून, वर तारीख टाकून, फायलीला टाचतो आहे. आज सातवं पाकीट. गुरुवारी पुन्हा बोलावलंय.