मोनोरेल पुढे जाईल तेव्हा जाईल. तोवर उतरायचं कुठे?

फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डचं ठरलं की ओळखीतलं कुणीतरी सांगतंच, "मोनोरेलवाल्या हॉटेलात उतरा, पुढेमागे ती स्टुडिओजपर्यंत जाणारच आहे." मी न्यू जर्सीत आल्यापासून हे 'पुढेमागे' ऐकतोय. आम्ही दोन्हीकडे राहून आलो: एकदा मोनोरेलच्या तळ्याकाठी, एकदा स्कायलायनर या रोपवेच्या तारेखाली. निवड करायची असेल तर हे वाचा. पटलं नाही तर सोडून द्या.

आधी त्या विस्ताराचं. डिस्ने वर्ल्डमध्ये चार पार्क: मॅजिक किंगडम, एप्कॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंगडम. चाहते नकाशावर मुख्यतः दोन रेघा मारतात. पहिली, एप्कॉटवरून पुढे हॉलिवूड स्टुडिओज आणि तिथून ॲनिमल किंगडम. दुसरी, तिकीट सेंटरपाशी, जिथे आज गाडी बदलावी लागते, मार्ग जोडून मॅजिक किंगडम ते एप्कॉट एकच गाडी. कागदावर दोन्ही झकास. पण १९७१ साली सुरू झालेली ही मोनोरेल खऱ्या अर्थाने लांबली ती एकदाच, १९८२ मध्ये एप्कॉट उघडलं तेव्हा. १९८८ च्या ग्रँड फ्लोरिडियन हॉटेलला मिळालं ते जुन्याच मार्गावरचं नवं स्टेशन. पुढे १९८९ ला स्टुडिओज आलं, १९९८ ला ॲनिमल किंगडम, आणि मोनोरेल दोन्हीकडे गेली नाही. गाडी धावते जेमतेम सव्वीस इंच रुंदीच्या काँक्रीटच्या तुळईवर. फाटा काढायचा तर अख्खी तुळई सरकवावी लागते, रुळांसारखा सांधा बदलून भागत नाही. सुरुवातीच्या तुळया तर पार वॉशिंग्टन राज्यात ओतून फ्लोरिडाला आणल्या होत्या. आणि सप्टेंबर २०१९ मध्ये स्कायलायनर सुरू झाला तो नेमका एप्कॉट आणि स्टुडिओज जोडतच. पहिल्या रेघेचा पहिला टप्पा तारेवरून मारून झाला की हो! आता त्याच्या शेजारून तुळया कोण टाकणार? मुंबईच्या मोनोरेलचा चेंबूर-वडाळा झाल्यावर जेकब सर्कलचा टप्पा यायला पाच वर्षं लागलेली पाहिलेला मी मुंबईकर. 'पुढेमागे'च्या भरवशावर खोली घेणार नाही.

पण आज आहे ती मोनोरेल? तिच्यात जीव गुंतावा असं बरंच आहे. गाडी कंटेम्पररी हॉटेलच्या पोटातून जाते, आणि खाली बसून नाश्ता करणारी माणसं वर बघायचीही थांबतात, इतकी ती अंगवळणी पडते. दारं मिटण्याआधीची स्पॅनिश सूचना आमच्या लेकाने दोन दिवसांत पाठ केली. अजून लिफ्टमध्ये शिरला की 'पोर फावोर' सुरू करतो. मॅजिक किंगडम दोन पावलांवर. लेकरू तीन-चार वर्षांचं असेल आणि तुमचे बहुतेक दिवस तिथेच जाणार असतील, तर पुढचं वाचू नका, मोनोरेलच घ्या.

आमचं अडलं ते एप्कॉटच्या दिवशी. हॉटेलच्या गाडीने तिकीट सेंटरला यायचं, फलाटावरून उताराने खाली, मग दुसऱ्या चढाने वर, आणि तिथे एप्कॉटच्या गाडीची वाट बघत उभं राहायचं. अंतर म्हणाल तर काहीच नाही. मी घड्याळ लावलं नव्हतं. पण ढकलगाडीत झोपलेला मुलगा आणि सोबत डोंबिवलीहून आलेली आई. ती कठडा धरून एक-एक पाऊल टाकत म्हणाली, "चढ परवडला रे, उतारच गुडघ्यात बसतो." संध्याकाळी परतताना पुन्हा तेच. यात बिघाड कुणाचाच नाही, रचनाच तशी. दुसरी रेघ खरी झाली असती तर कदाचित मी हा लेखच लिहिला नसता. (मोनोरेलवरच्या पॉलिनेशियन हॉटेलला उतरलात तर यातलं बरंच वाचतं, तिथून तिकीट सेंटर चालत पाच-सात मिनिटं.)

स्कायलायनरच्या खेपेला आम्ही कॅरिबियन बीच हॉटेलला होतो. सगळ्या तारा तिथेच येऊन मिळतात. एका बाजूचा डबा स्टुडिओजला, दुसऱ्या बाजूचा रिव्हिएरा हॉटेलवरून एप्कॉटला. पॉप सेंचुरी किंवा आर्ट ऑफ ॲनिमेशनला राहिलात तर डबा बदलावा लागतो, पण सपाटीवर, आणि पुढचा डबा समोर येतच असतो. ज्यांना चालत्या डब्यात चढणं जमत नाही त्यांच्यासाठी तो पूर्ण थांबतो अशी वेगळी जागाही मोठ्या स्थानकांवर आहे. ढकलगाडी मिटावी लागत नाही. आईने आत बसल्याबसल्या निकाल दिला, "हा तर आपला रायगडचा रोपवे."

खोटं कशाला बोलू, उणिवा आहेत. एसी नाही, डबा चालता असला की वारा लागतो, मध्येच थांबला की घाम फुटतो. विजा चमकायला लागल्या की सगळं बंद, आणि फ्लोरिडात उन्हाळ्याच्या दुपारी त्या चमकतातच. उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात काही लोक सुमारे तीन तास वर अडकून पडले होते. उंचीची धास्ती असेल त्याने विचार करावा. मॅजिक किंगडमला इथून बसच. पण मोनोरेलची तिन्ही हॉटेलं महागड्या वर्गातली, आणि तारेवर स्वस्त वर्गातलीही दोन आहेत. पाच जणांच्या कुटुंबाला हे मला वाटतं सांगायला नको.

मोनोरेलची हौस राहून जाईल म्हणाल, तर तळ्याभोवतीच्या गाडीत बसायला तिथे राहावं लागत नाही, तिकीटही नाही. आम्ही एका संध्याकाळी कंटेम्पररीत लिफ्टने वर गेलो, गाडीत बसलो आणि पूर्ण फेरी मारून परत तिथेच आलो. लेक स्पॅनिश बडबडत होता. आईने चपला काढून पाय लांब केले होते.