क्यू-स्कूलच्या आधी गोल्फ क्लब्सची (म्हणजे स्टिक्सची) सर्व्हिसिंग: कॅम्पातलं छोटं वर्कशॉप

भाचा यंदा पीजीटीआयच्या (भारतातली प्रोफेशनल गोल्फ टूर) क्वालिफाइंग स्कूलला, म्हणजे क्यू-स्कूलला उतरतोय, म्हणजे प्रो व्हायची परीक्षाच, सगळा स्ट्रोक प्ले, एकेक फटका टोटलमध्ये येणार, एक होल बिघडलं तर सोडून द्या असं नाहीच. त्यात पुण्याचा गोल्फर उदयन माने टोकियो ऑलिंपिक खेळून आला, त्यामुळे घरच्यांच्या अपेक्षा विचारू नका. असो.

या वर्कशॉपात ग्रिप्सचं (क्लबच्या मुठीवरचं रबर) काम एक नंबर. जुनी ग्रिप कापली, शाफ्टवरची (दांडीवरची) टेप खरवडून साफ केली (बरेच जण हे टाळतात), नवी डबल साइड टेप, सॉल्व्हंट, मग ग्रिप सरकवून सरळ बसलीय का ते डोळ्यासमोर धरून बघितलं. हाताला घाम येतो का विचारून वर्कशॉपवाल्या काकांनी कॉर्डवाली (रबरात धागा असलेली, घामातही न सटकणारी) सुचवली. आयर्नचे (धातूच्या चपट्या डोक्याचे क्लब) लॉफ्ट-लाय, म्हणजे डोक्याच्या तिरकेपणाचे आणि दांडीचे कोन, मशीनवर चेक केले, फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) असल्याने वाकवता आले, कास्ट (ओतीव) असते तर हातच लावला नसता म्हणाले. बॅगेत 15 क्लब दिसल्यावर मात्र भाच्याला झापलं, "अरे 14 च्या वर गेलास तर होलमागे 2 स्ट्रोक पेनल्टी, राउंडला 4 पर्यंत, एक घरी ठेव!"

वेळेच्या बाबतीत आनंदच आहे, उद्या म्हणजे परवा. दुपारी शटर खाली, पार्किंग विसरा. रेट ऑनलाइनपेक्षा जास्त, पण मला चालतं. फक्त टूर्नामेंटच्या आदल्या दिवशी जाऊ नका, नव्या ग्रिपवर हात बसायला प्रॅक्टिस रेंजवर बॉल मारावेच लागतात.