पडद्यावरचे १५२ अंश

खांद्याचा सांधा धरून ठेवणाऱ्या स्नायूंचं, म्हणजे रोटेटर कफचं, एक टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोर) अर्धवट फाटलं होतं. ऑपरेशन नको, व्यायामाने भागेल, असं डॉक्टर म्हणाले. त्यात काही चूक नव्हती. फसले मी पुढे, 'सेन्सरवर व्यायाम' करून घेणाऱ्या एका सेंटरमध्ये.

दंडाला पट्टा, समोर पडदा. हात उचलला की अंश वाढतात, टार्गेट गाठलं की हिरवा दिवा आणि टिंग! २४ सेशनचे पैसे आधीच भरून घेतले. पहिल्या दिवशी ८५ अंश, सहाव्या आठवड्यात १५२. तो चढता आलेख मी घरभर दाखवत होते आणि टी-शर्ट काढताना मात्र दुसऱ्या हाताची मदत घेत होते. विचारलं तर उत्तर आलं, "ताई, मेंदूला अजून विश्वास बसत नाहीये." हे मला पटलं होतं, याची आज लाज वाटते.

एकदा घाम पुसायला पट्टा काढून टेबलावर आडवा ठेवला. पडद्यावर ९०. टिंग!

दुसऱ्या दिवशी मुद्दाम हात अंगाला घट्ट चिकटवून उलट्या बाजूला वाकले. ४० अंश! खांदा जागचा हललाही नव्हता.

पट्टा जमिनीच्या तुलनेत किती कलला, एवढंच तो सेन्सर सांगतो. हात उचलला की धड वाकवलं, हे त्याला कळत नाही. ते वेगळं काढायला छातीवर दुसरा सेन्सर लागतो. दुखरा माणूस तर नकळत वाकतोच, खांदाही कानाकडे ओढतो. तिथल्या शिकाऊ मुलाने हळूच सांगितलं, पहिलं माप पाठ टेकवून बसवून घ्यायचं आणि पुढची सगळी उभं करून, अशीच सूचना आहे. म्हणजे आलेख चढणारच होता! मी खुर्ची मागितली तर "आता गरज नाही", आणि वर "१७० पर्यंत नेऊ" म्हणत पुढचं पॅकेज. उरलेले पैसेही मिळाले नाहीत. फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात तसं छापलेलं होतं.

दुसऱ्या फिजिओथेरपिस्टने साधा गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायची पट्टी, लावला, तळव्याने खांद्याचं पातं दाबून धरलं. ९८.

सेन्सर त्याही वापरतात, पण दोन पट्टे, दर वेळी तीच खुर्ची आणि अधूनमधून गोनिओमीटरने पडताळणी. पैसे सेशन झाल्यावर. शेवटचे काही फेरे पडदा बंद करून करायला लावतात, नाहीतर म्हणे टिंगचीच सवय लागते. गेल्या आठवड्यात ११० झाले. टी-शर्टला अजून दुसरा हात लागतोच.