आयरेसिंगवरचा डेटोना: पैसे वसूल होतात ते जुन्या डांबरावर

डेटोना ५०० ही नॅसकारची (अमेरिकी स्टॉक कार मालिकेची) शर्यत फ्लोरिडात रविवारी दुपारी अडीचला सुटते, तेव्हा नागपुरात सोमवारच्या रात्रीचा एक वाजलेला असतो. ५०० मैल म्हणजे ८०५ किलोमीटर, अख्ख्या समृद्धी महामार्गापेक्षा शंभरावर किलोमीटर जास्त, आणि तेही अडीच मैलांच्या एकाच ट्रॅकवर २०० फेऱ्या मारून. नुसतं डावीकडे वळत राहायचं, त्यात अवघड काय, या प्रश्नाचं उत्तर आयरेसिंग ही ऑनलाइन सिम्युलेटर सेवा फार चांगलं देते. फक्त ते उत्तर नव्या गाडीत कमी आणि जुन्या ट्रॅकवर जास्त सापडतं. नवा सदस्य नेमकं उलट करतो: आधी आजची गाडी आणि आजचा ट्रॅक घेतो, आणि महिन्याभरात कंटाळतो.

सेवा २००८ पासून चालू आहे, आणि फक्त विंडोजच्या पीसीवर चालते. सदस्यत्व महिन्याला साधारण १३ डॉलर. त्यावर हवी ती गाडी सुमारे १२ डॉलरला आणि ट्रॅक १२ ते १५ डॉलरला वेगळा घ्यावा लागतो. एकदा घेतलेलं कायम तुमचं, पण सदस्यत्व चालू असेपर्यंतच वापरता येतं. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी चालू करून घ्या. महाग आहे, हे मान्यच. ट्रॅक लेसरने मोजलेले आहेत, डांबरातले उंचवटे जसेच्या तसे उतरतात, आणि पैसे त्याचेच आहेत.

डेटोनाचा इतिहास त्या डांबरातच आहे. १९५८ पर्यंत इथली शर्यत समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवर आणि लगतच्या रस्त्यावर व्हायची. बिल फ्रान्स सीनियर यांनी १९५९ मध्ये हा ट्रॅक उभा केला. वळणांना ३१ अंशांचा उतार द्यायला लागणारी माती मैदानातूनच उपसली, आणि त्या खड्ड्यात आजचा लेक लॉइड तयार झाला. पहिल्या शर्यतीचा शेवट इतका अटीतटीचा झाला की ली पेटी जिंकला हे ठरायला तीन दिवस लागले. नंतर डांबर बदललं ते दोनदाच, १९७८ आणि २०१० मध्ये. २०१० च्या शर्यतीत पहिल्या-दुसऱ्या वळणादरम्यान खड्डा पडून दोनदा लाल झेंडा दाखवून शर्यत थांबवावी लागली, त्यानंतर सगळा ट्रॅक नव्याने केला.

आयरेसिंगमध्ये डांबर बदलण्याआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही डेटोना आहेत. नव्यावर पकड भरपूर. एकटे असाल तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून अख्खी फेरी निघते. जुन्यावर टायर झिजले की निघत नाही. ३०५ किलोमीटर वेगाने सुमारे ३०५ मीटर त्रिज्येच्या त्या वळणात गाडी स्वतःच्या वजनाच्या दुपटीने टायरवर दाबली जाते. स्प्रिंग आधीच आवळलेली असते, त्यात उंचवटा आला की चाक हलकं होतं आणि गाडी वरच्या भिंतीकडे सरकते. टायर १५ फेऱ्यांचे झाले की चौथ्या वळणातून बाहेर पडताना पाय थोडा उचलावाच लागतो. किती आणि कधी, यातच ड्रायव्हर कळतो. २०११ मध्ये, गुळगुळीत डांबरावरच्या पहिल्याच ५०० मध्ये, गाड्या दोन-दोनच्या जोडीने एकमेकींना ढकलत पळाल्या आणि २० वर्षांचा ट्रेव्हर बेन जिंकला. हा फरक दोन्ही ट्रॅकवर दहा-दहा फेऱ्या मारल्याशिवाय पटत नाही.

गाड्यांपैकी १९८७ ची एक आधी घ्या, हे आग्रहाने सांगणं आहे. त्या वर्षी बिल इलियटने डेटोनात ताशी २१०.३६४ मैल वेगाने पोल (सुरुवातीचं पहिलं स्थान) घेतला आणि शर्यतही जिंकली. मे महिन्यात टॅलाडेगा या दुसऱ्या वेगवान ट्रॅकवर बॉबी ॲलिसनची गाडी उडून कुंपणावर आदळली, आणि १९८८ पासून या दोन्ही ट्रॅकवर कार्ब्युरेटरखाली चार भोकांची रेस्ट्रिक्टर प्लेट आली. हवा कमी, म्हणून ताकद कमी. सगळ्यांचा वेग सारखा, म्हणून सगळे एकाच घोळक्यात. म्हणून एक चुकला की वीस गाड्या आदळतात. २०१९ ची डेटोना ५०० ही प्लेट लावून झालेली शेवटची शर्यत. २०२२ पासूनच्या नेक्स्ट जेन गाडीला इथे टेपर्ड स्पेसर (हवा कमी करणारा दुसरा भाग) लावून सुमारे ५१० हॉर्सपॉवर ठेवतात. घोळका मात्र तसाच राहिला. १९८७ ची गाडी आणि नेक्स्ट जेन पाठोपाठ चालवली की ही साखळी हातांना समजते. टेस्ट सेशनमध्ये तुमच्याकडची कुठलीही गाडी तुमच्याकडच्या कुठल्याही ट्रॅकवर नेता येते, शर्यतींसाठी लागणारा लायसन्सचा दर्जा आड येत नाही. १९८७ च्या आधीची नॅसकार नाही, ही मोठी उणीव. १९७९ ची, बर्फाने घरात अडकलेल्या अमेरिकेने टीव्हीवर पाहिलेली शर्यत कितीही मनात असली तरी त्या गाडीत बसता येत नाही.

आता नागपूरचं गणित. अमेरिकेतल्या सर्व्हरपर्यंत पिंग (संदेश जाऊन परत यायचा वेळ) साधारण २५० मिलिसेकंद. सेकंदाला ८५ मीटर जाणारी गाडी तेवढ्यात २१ मीटर पुढे जाते, म्हणजे चार गाड्यांची लांबी. पुढची गाडी तुम्हाला दिसते ती सॉफ्टवेअरने अंदाजाने ठेवलेली. म्हणून बंप ड्राफ्ट, म्हणजे पुढच्या गाडीला मागून ढकलत नेणं, टाळा. स्क्रीनवर हात-दोन हात अंतर दिसत असताना समोरच्याला धक्का बसलेला असू शकतो, आणि जोरदार धक्क्याचे ४ इन्सिडेंट पॉइंट (दंडाचे गुण) दोघांनाही लागतात, चूक कुणाचीही असो. कनेक्शन किती एमबीपीएसचं याला फार अर्थ नाही, स्थिर हवं. वायफाय नको, लॅन केबल घ्या. स्क्रीनवरच्या मीटरमधला ‘क्यू’ लाल झाला की डेटाची पॅकेट वाटेत गळताहेत असं समजा.

लाईन गेली की शर्यत गेली. ग्राफिक्स कार्डवाला पीसी आणि मॉनिटर मिळून ४०० वॉट सहज ओढतात. ६०० व्हीएचा यूपीएस तिथेच बसतो. ११०० व्हीएचा घ्या, आणि राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस वेगळा.

उन्हाळा हा खरा शत्रू. डेटोनासारख्या ओव्हलवर (अंडाकृती ट्रॅकवर) स्टीअरिंगची मोटर सतत एकाच बाजूला जोर लावते, तिला उसंत नसते. ४५ अंशांच्या खोलीत बेल्टचं स्टीअरिंग हळूहळू ढिलं पडतं आणि मागचा टायर सुटतोय हे हाताला कळत नाही. काही फेऱ्या झाल्यावर फोर्स फीडबॅकचं (स्टीअरिंगने हाताला द्यायच्या जोराचं) ‘ऑटो’ बटण दाबा, मग जोर एक-दोन टप्पे कमी करा. वळणात जोर छतालाच टेकलेला असेल तर बारीक काही जाणवतच नाही. कूलरचा झोत यंत्रावर थेट घेऊ नका. ओल्या हवेसोबत क्षाराचे थेंब येतात आणि पेडलचे सेन्सर उड्या मारू लागतात. साधा टेबल फॅन पुरे.

खाली चाकं असलेली ऑफिसची खुर्ची तशीच चालत नाही, ब्रेक दाबला की मागे पळते. लकडगंजमधून १८ मिलिमीटरचा प्लाय ४ बाय २ फुटांचा कापून आणा, पेडल त्यावर स्क्रूने बसवा आणि खुर्चीची पुढची चाकं त्याच प्लायमध्ये केलेल्या खाचांत अडकवा. डेटोनात ब्रेक लागतो तो जवळजवळ पिटमध्ये (टायर-इंधनाच्या थांब्यात) शिरण्यापुरताच, पण तिथेच घात होतो: ताशी ३०० किलोमीटरवरून पिट रोडच्या ५५ मैलांवर, म्हणजे ८८ किलोमीटरवर यायचं असतं. ब्रेक आधी जोरात आणि मग हळूहळू सोडत घ्या. उलट केलंत तर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरते. मर्यादा ओलांडली तर काळा झेंडा, म्हणजे दंड.

वेळेच्या बाबतीत मात्र नागपूरकर नशीबवान. ओव्हलचे सेशन भरतात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या रात्री आठ-नऊला. ते आपल्याकडे हिवाळ्यात सकाळचे साडेसहा-साडेसात, उन्हाळ्यात एक तास आधी. खोली थंड, घरातलं नेट मोकळं, आणि ऑफिसच्या आत शर्यत आटोपते. वर्षाचं सदस्यत्व लगेच घेऊ नका. एका महिन्यात जुना डेटोना आणि १९८७ ची एक गाडी घ्या, १५ फेऱ्यांच्या जुन्या टायरवर सलग पाच फेऱ्या भिंतीला न लागता काढा. नेक्स्ट जेनचे १२ डॉलर त्यानंतर.